सरकारी खर्चाने भांडणाची शिकवणी

सायंतारा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:१२

आईला फोनवर सांगितलं होतं, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी नवरा-बायकोंना नीट भांडायला शिकवते आणि त्याचे मला पैसे मिळतात. ती जरा गप्प झाली. मग विचारलं, "देतं कोण?" म्हटलं, सरकार. "अमेरिकेचं?" हो. "बरं चाललंय मग त्यांचं."

तर ते बरं चाललेलं आमच्यापुरतं संपलं. पाच वर्षांची ग्रँट होती, मुदत झाली, पुढची मिळाली नाही, कपाटं रिकामी करून आलो. मध्यपश्चिमेतलं एक शहर आहे, संस्थेचं नाव लिहीत नाही. डोक्यात बरंच साठलंय. इथे अमेरिकेतले, भारतातले, लग्न झालेले, होऊन पस्तावलेले सगळेच आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे प्रकरण ऐकलेलंच नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेचं केंद्र सरकार २००६ पासून दरवर्षी साधारण १५ कोटी डॉलर 'हेल्दी मॅरेज' आणि 'रिस्पॉन्सिबल फादरहूड' या दोन नावांखाली वाटतं. ठिकठिकाणच्या संस्था अर्ज करून त्यातला वाटा मिळवतात आणि वर्ग घेतात. जोडप्यांना फुकट. कोणावर सक्ती करायची नाही हे कायद्यातच लिहिलंय. शाळकरी पोरांसाठी वेगळे वर्ग असतात, तुरुंगातून सुटलेल्या बापांसाठी वेगळे. मी जोडप्यांच्या वर्गाची फॅसिलिटेटर होते.

मंगळवारी सहाला जेवण, बहुतेक वेळा ट्रेमधला पास्ता. शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला दोन कॉलेजच्या मुली. येण्याजाण्याला बसपास किंवा गॅस (म्हणजे इथलं पेट्रोल) कार्ड. जेवण झालं की टॅब्लेटवर प्रश्नावली, आणि मग दीड तास वर्ग. या तासांना आमच्या भाषेत 'डोस' म्हणतात. अमुक जोडप्याला किती डोस गेला, हे दर आठवड्याला सिस्टिममध्ये भरायचं. औषधाच्या बाटलीसारखं.

वर्गात प्रत्येक जोडप्याला एक कार्ड मिळतं, त्याचं नाव 'फ्लोअर'. कार्ड ज्याच्या हातात तो बोलणार, स्वतःपुरतं, दोन-तीन वाक्यं. दुसऱ्याने ते आधी आपल्या शब्दांत परत सांगायचं. उत्तर नाही, खुलासा नाही, 'आणि तू काय करतोस?' तर मुळीच नाही. मग कार्ड दुसऱ्याकडे. डेन्व्हर विद्यापीठातले हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅनली यांच्या 'प्रेप' अभ्यासक्रमातलं हे तंत्र. ऐकायला बालवाडी वाटते. मलाही वाटली होती.

एक जोडपं होतं (तपशील बदललेत). तो रात्री नऊपासून गोदामात रात्रपाळीला, ती पहाटे नर्सिंग होममध्ये. दोघांत गाडी एक. तिची तक्रार, हा टाकी रिकामी करून गाडी आणतो. कार्ड तिच्या हातात. "तू गॅस न भरता गाडी आणतोस." तो म्हणाला, "म्हणजे मी निष्काळजी आहे असं तुझं म्हणणं." ती म्हणाली, "नाही, पुन्हा ऐक. पहाटे पाचला त्या पंपावर मी एकटी उभी असते. दिवा एकच चालू असतो. आणि कोपऱ्यातल्या गाडीत रोज कोणीतरी नुसतं बसलेलं असतं." तो बराच वेळ कार्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला भीती वाटते." चार वर्षांचा संसार, त्या टाकीवरून किती वेळा भांडणं झाली असतील, आणि हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. गाडीचं ट्रान्समिशन गेलं होतं. बसपास दिला होता, पण बसने सव्वा तास, दोन लहान मुलं, आणि नऊला त्याची पाळी. सिस्टिममध्ये त्यांच्या नावापुढे राहिलं: डोस अपुरा.

मला विचारायचंय ते हेच. हे सरकारने करावं का? आणि करायचंच तर मोजायचं काय?


निवांत_नाना | सोमवार, रात्री ११:०५

मुलाकडे न्यू जर्सीत आलोय सहा महिन्यांसाठी, वेळच वेळ आहे, म्हणून पूर्ण वाचलं. ताई, लिहिता छान. पण एक समजत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात, इथे तर खजिनदारच पडला! रस्ते, पाणी, पोलीस, समजू शकतो. टाकीत गॅस कोणी भरायचा हे सरकारच्या कामात कुठून आलं?


सायंतारा | मंगळवार, सकाळी ७:३०

नाना, आलं ते गरिबांना द्यायच्या पैशांच्या वाटेने. १९९६ मध्ये क्लिंटनच्या काळात इथला जुना कल्याण-मदतीचा कायदा मोडून नवा केला. त्यातून जी योजना झाली तिला सगळे 'टॅनफ' म्हणतात. तिची चार उद्दिष्टं कायद्यात लिहिलीत, आणि त्यातल्या तिनांमध्ये लग्न या ना त्या रूपाने येतं: लोकांनी मदतीवर अवलंबून राहू नये म्हणून नोकरी आणि लग्नाला उत्तेजन, लग्नाबाहेरची मुलं कमी व्हावीत, आणि आई-बाप दोघे असलेली कुटुंबं वाढावीत. म्हणजे बीज तिथलं. धाकट्या बुशच्या काळात वेड हॉर्न नावाचे मानसशास्त्रज्ञ मुलं-कुटुंब विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी २००२ पासून याला मोहिमेचं रूप दिलं. वेगळा निधी मिळाला तो २००५ च्या 'तूट कमी करण्याच्या कायद्या'त, त्यावर सही झाली फेब्रुवारी २००६ मध्ये. तूट कमी करायच्या कायद्यात लग्नाचे वर्ग, हे नाव मला अजून गंमतीचं वाटतं. तेव्हा १५ कोटींतले जास्तीत जास्त ५ कोटी बापांच्या कार्यक्रमांना होते, २०१० च्या कायद्याने दोघांना निम्मे-निम्मे झाले.

आणि नाना, खजिना काही रिकामा होत नाहीये. टॅनफचा केंद्राचा वार्षिक निधी १,६५० कोटी डॉलर. त्याच्याशी तुलना केली तर हे शंभराला एक डॉलरसुद्धा नाही.


आकडेमोड्या | मंगळवार, सकाळी ९:४८

शंभराला एक असो की दहा, चाललं का ते बघू. हा त्या मोजक्या सरकारी कार्यक्रमांपैकी आहे ज्यांची तपासणी खरोखर चोख झालीय. चिठ्ठ्या टाकून जोडपी दोन गटांत वाटली, एका गटाला वर्ग, दुसऱ्याला नाही, आणि मग काही वर्षं दोघांचा माग ठेवला.

पहिला मोठा प्रयोग 'बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज'. आठ ठिकाणं, पाच हजारांवर जोडपी, सगळी लग्न न झालेली, मूल पोटात किंवा नुकतंच झालेलं. कल्पना अशी की बाळ येण्याच्या वेळी दोघं एकमेकांच्या सगळ्यात जवळ असतात, तेव्हाच धरा. ही कल्पनाही हवेतली नव्हती. १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या बाळांच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रिन्स्टनच्या सारा मॅक्लॅनहन आणि सहकाऱ्यांनी केला होता, त्यात दिसलं होतं की अशा आई-बापांतल्या बहुतेकांना जन्माच्या वेळी लग्न होईल असं वाटत असतं. ठीक. वर्ग केले. पंधरा महिन्यांनी आणि तीन वर्षांनी मोजलं. आठही ठिकाणं एकत्र धरली तर नात्याच्या दर्जात फरक शून्य, लग्नं वाढली नाहीत. खर्च जोडप्यामागे सुमारे ११,००० डॉलर.

दुसरा प्रयोग लग्न झालेल्या, कमी उत्पन्नाच्या जोडप्यांवर, 'सपोर्टिंग हेल्दी मॅरेज'. सहा हजारांवर जोडपी. इथे अडीच वर्षांनीसुद्धा थोडा चांगला परिणाम टिकला: जिव्हाळा जरा जास्त, टोचून बोलणं जरा कमी. पण एकत्र राहिलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, पाचातली चार जोडपी. खर्च सुमारे ९,१०० डॉलर. आणि जोडप्यांनी वर्गात काढलेला वेळ सरासरी १७ तास. म्हणजे तासाला ५०० डॉलरच्या वर! एवढ्यात तर चांगला वकील येतो. (हलकेच घ्या.)

तुमची टाकीची गोष्ट आवडली. पण गोष्ट ती गोष्ट.


दादर_ते_डॅलस | मंगळवार, दुपारी १२:२०

वकिलावरून आठवलं. टेक्सासात लग्नाचा परवाना काढला की ७२ तास थांबावं लागतं. 'टुगेदर इन टेक्सास'चा आठ तासांचा कोर्स केला की ती अट माफ, शिवाय परवान्याच्या फीमधले ६० डॉलर सुटतात. आम्हाला शुक्रवारच्या आत कागद हवा होता, व्हिसाचं लफडं, तपशील विचारू नका. दोघांनी एका रविवारी लॅपटॉपवर कोर्स लावला. ती इस्त्री करत होती, मी क्रिकेट बघत होतो, आवाज कोर्सचा. चौथ्या तासाला त्यात पैशांवर प्रश्न आला: लग्नाआधीचं कर्ज एकमेकांना सांगितलंय का? मी क्रिकेट म्यूट केलं. तिने इस्त्री उभी केली. माझं क्रेडिट कार्डाचं कर्ज तिला त्या दिवशी कळलं. पुढचे चार तास आम्ही कोर्स ऐकलाच नाही, पण सर्टिफिकेट मिळालं.

६० डॉलर वाचले का? हो. लग्न वाचलं का ते बायकोला विचारा, अकरा वर्षं झाली.


मनीप्लांट | मंगळवार, दुपारी १२:४१

हसून हसून पुरेवाट. इस्त्री उभी केली, हे वाक्य फ्रेम करून लावणार.


सायंतारा | मंगळवार, दुपारी १:१५

दादर, हे आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर घालायला हवं होतं! सवलतीचा प्रकार बऱ्याच राज्यांत आहे. फ्लोरिडात चार तासांचा कोर्स केला की तीन दिवस थांबायची अट सुटते. मिनेसोटात बारा तास शिकलात तर फी ११५ ची ४० होते. ओक्लाहोमात ५० ची ५.

आकडेमोड्या, तुझे आकडे बरोबर आहेत, भांडत नाही. पण तू आठ ठिकाणं एकत्र ओतलीस. ओक्लाहोमा सिटीत तोच प्रयोग यशस्वी ठरला होता. तिथे तीन वर्षांनी, मुलाच्या जन्मापासून आई-बाप दोघांबरोबर सलग राहिलेली मुलं वर्ग केलेल्यांत ४९ टक्के होती, न केलेल्यांत ४१. कारण काय? माझं म्हणणं, जोडपी येत राहिली. बाकी ठिकाणी तर वर्ग मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त जोडपी जेमतेम एकदा तरी आली. ओक्लाहोमावाल्यांना आधीच काही वर्षांचा सराव होता. १९९९ मध्ये तिथले गव्हर्नर फ्रँक कीटिंग यांनी जाहीर केलं होतं की २०१० पर्यंत राज्यातले घटस्फोट एक-तृतीयांश कमी करू, आणि त्यासाठी टॅनफचे एक कोटी डॉलर बाजूला काढले. घटस्फोट काही तेवढे कमी झाले नाहीत. पण जागा, माणसं, मुलांची खोली, येण्याजाण्याची सोय, हे सगळं बसलं.

मी तीन वर्षं दर मंगळवारी पाहिलंय. लोक पहिल्यांदा येतात ते जेवणासाठी आणि मुलं दोन तास कोणीतरी सांभाळतं म्हणून. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एक बाई मला म्हणाली होती, नवऱ्याच्या शेजारी बसून, गरम असताना, कोणाला न भरवता जेवले याला दीड वर्ष झालं. आमच्या अहवालात त्याला रकाना नव्हता. जेवण 'सहभागासाठीची साहाय्यक सेवा', आणि वर्ग हा खरा 'डोस'. मला उलटं वाटायला लागलं होतं.


काजवा | मंगळवार, रात्री ८:३३

आजवर इथे नुसती वाचत होते, पण आता लिहावंच लागतंय. मी घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन रात्री फोन घेते, बहुतेक फोन दक्षिण आशियाई बायकांचे.

ते कार्ड. "मनातलं बोल, तो ऐकून घेईल." ज्या घरात तो ऐकून घेत नाही, तर लक्षात ठेवतो, तिथे काय होतं? वर्गात ती खरं बोलते, आठ वाजता वर्ग संपतो, आणि मग गाडीत दोघंच. मला आलेले फोन त्या गाडीतल्या प्रवासानंतरचे आहेत. वर्ग कुठला होता ते महत्त्वाचं नाही. एकीचा सरकारी होता, एकीचा देवळातल्या समुपदेशकाचा.

आकडेमोड्यांनी बाल्टिमोर सोडलं. त्या पहिल्याच प्रयोगात बाल्टिमोरला पंधरा महिन्यांनी उलटा परिणाम दिसला होता: वर्ग न केलेली ७० टक्के जोडपी अजून एकत्र होती, केलेली ५९ टक्के. त्याहून वाईट म्हणजे गंभीर मारहाण सांगणाऱ्या बायका वर्गाच्या गटात जास्त होत्या, ९ च्या जागी १५ टक्के. तीन वर्षांनंतरच्या मोजणीत तो फरक उरला नाही, हे मान्य. पण ते पंधरा महिने कोणाच्या तरी घरात गेलेच ना.

कायद्यात आहे की अशा संस्थांनी घरगुती हिंसेच्या जाणकारांचा सल्ला घ्यायचा. सायंतारा, तुमच्याकडे प्रत्यक्षात कसं होतं?


सायंतारा | मंगळवार, रात्री ९:५०

खरं सांगते. इनटेकला, म्हणजे नाव नोंदवताना, दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून प्रश्न विचारायचे, हा नियम होता आणि पाळायचोही. तिला भीती वाटते असं दिसलं तर वर्गात घ्यायचं नाही, निवाऱ्याचा आणि हेल्पलाइनचा नंबर द्यायचा, आणि त्याला सांगायचं की जागा भरल्या. 'जागा भरल्या' हे वाक्य आम्ही आरशासमोर पाठ केलं होतं. आवाज जरा हलला तर तो ओळखतो.

पण एकदा चुकलो. दोघं हसतमुख, पहिले चार वर्ग दोघांचे सगळ्यात छान. पाचव्याला ती गॉगल लावून आली, आत, संध्याकाळी. पहिल्या दिवशी दारातून डोकावून तो मला म्हणाला होता, "तिला इंग्लिश नीट येत नाही, मी तिचंही सांगतो," आणि मी "थँक यू" म्हटलं होतं. त्यानंतर दुभाषा बाहेरचाच हवा हा नियम झाला. माझ्या चुकीने झालेला नियम.


काजवा | मंगळवार, रात्री १०:०२

लिहिलंस म्हणून धन्यवाद. बहुतेक जण इथे थांबून 'सगळी काळजी घेतली जाते' म्हणतात.


एक_तो_सासरा | बुधवार, सकाळी ६:१५

हे सगळं स्त्रीमुक्तीचं पिल्लू. आमच्या वेळी कार्डबिर्ड काही नव्हतं, पन्नास वर्षं संसार झाला. बायकोने एकदाही तक्रार केली नाही.


मनीप्लांट | बुधवार, सकाळी ६:४०

काका, कार्ड त्यांच्या हातात कधी आलंच नसेल.


फायलींचा_ढीग | बुधवार, सकाळी १०:२६

मी सरकारी मदतीचे अर्ज भरून देण्याच्या कामात आहे, तर माझी टाचणी टोचू द्या. एका हाताने सरकार लग्नाचे वर्ग चालवतं. दुसऱ्या हाताचं बघा.

निर्धन अपंगांना आणि वृद्धांना दरमहा मिळणारी सरकारी मदत, एसएसआय. २०२५ चा केंद्राचा दर एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर. दोघे एकेकटे राहिले तर मिळून १,९३४. लग्न केलं की जोडप्याचा दर लागू, १,४५०. महिन्याला ४८४ डॉलर गेले. बँकेत किती ठेवू शकता? एकट्याला २,०००, जोडप्याला ३,०००, चार नाही. ही मर्यादा १९८९ पासून जागची हललेली नाही. वर, नुसतं लग्न टाळून भागत नाही: दोघं एका घरात राहून लोकांना नवरा-बायको म्हणून सांगत असतील तर सरकारी खातं त्यांना जोडपंच धरतं.

माझ्याकडे एक आजोबा-आजी येतात, दोघेही सत्तरीपुढचे, दोघांचेही पहिले जोडीदार वारलेले. एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या भाड्याच्या पावत्या. ती संध्याकाळी त्यांच्यासाठी डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाते आणि दहाला परत खाली येते. मला विचारलं, "आम्ही लग्न केलं तर?" मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. आजोबा म्हणाले, "मग जिना बरा."

आता मजा बघा. २००५ च्या त्याच कायद्यात हे पैसे कशाकशावर खर्च करता येतील याची आठ कामांची यादी आहे. जाहिराती, शाळेतले वर्ग, लग्नाआधीचे, लग्नानंतरचे, अनुभवी जोडप्यांनी नव्यांना सल्ला देणं वगैरे. आणि त्यात हेही आहे: उत्पन्न बघून दिल्या जाणाऱ्या मदतीत लग्न केल्याने होणारं नुकसान कमी करणं! म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. वर्ग मात्र सगळीकडे दिसतात, हे आठवं काम करणारा माझ्या टेबलापर्यंत अजून कोणी आलेला नाही.


आकडेमोड्या | बुधवार, सकाळी ११:०९

हा मुद्दा माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी. दंडवत.

कालपासून अजून एक डोक्यात आहे, प्रामाणिकपणे तेही लिहितो. लष्करातल्या जोडप्यांवर याच प्रेप अभ्यासक्रमाचा प्रयोग झाला होता. धर्मगुरूंनी, म्हणजे चॅप्लनांनी वर्ग घेतले. तिथे एका तळावर दोन वर्षांनी घटस्फोट झालेली जोडपी वर्ग केलेल्यांत ८ टक्के आणि न केलेल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे जवळपास निम्मी. तोच कागद, तेच कार्ड.

लष्करात काय वेगळं? पगार ठरलेला, घर किंवा घरभाडं मिळतं, दवाखाना फुकट. ताणही भयंकर असतो, नवरा वर्षभर युद्धावर, हे आहेच. पण गाडीचं ट्रान्समिशन गेलं म्हणून वर्ग बुडत नाही. हा माझा तर्क, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.


निवांत_नाना | बुधवार, दुपारी २:००

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं आलं की. गाडी दुरुस्त करून द्या, लग्नाचं ते बघून घेतील. ९,००० डॉलरमध्ये जुनी गाडीच येईल.


सायंतारा | बुधवार, दुपारी ३:२०

नाना, मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. पण गाडी नीट असती तरी ती पहाटे पाचला पंपावर उभी राहिलीच असती, आणि त्याला कळलं नसतं. दोन्ही लागतं. एल पासो आणि न्यू यॉर्क इथल्या दोन कार्यक्रमांची अशीच चिठ्ठ्या टाकून केलेली तपासणी २०१८ मध्ये आली. तिथे वर्गाबरोबर नोकरीसाठी मदतही होती. वर्षभराने नात्याचा दर्जा सुधारलेला दिसला, आणि लग्न टिकलेली किंवा केलेली जोडपीही थोडी जास्त. फरक छोटा, ५९ आणि ६३ टक्क्यांचा. कीटिंगसाहेबांच्या एक-तृतीयांशाच्या शेजारी ठेवला तर हसू येईल.

माझा राग आकड्यांवर नाही. पहिल्या दिवसापासून मोजायला घेतलं ते 'लग्न'. किती झाली, किती टिकली. त्या गॉगलवालीचं लग्न टिकलं असतं तर ते आमच्या जमेत पडलं असतं. आणि सुरुवातीच्या वर्षांत तर केंद्राच्या कायद्यात लग्न म्हणजे फक्त एक पुरुष, एक स्त्री. ते २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. मला मोजायला दिलं असतं तर मी विचारलं असतं, समोरच्याला कशाची भीती वाटते हे तुम्हाला सांगता येतं का? टॅब्लेटवर नाही, तोंडी.


गोगलगाय | बुधवार, रात्री ११:४४

धागा वाचून आज घरी प्रयोग केला. कार्ड नव्हतं, म्हणून लाटणं घेतलं. विषय: त्याच्या आईचा रोजचा दीड तासाचा व्हिडिओ कॉल, नेमका पोरांच्या झोपायच्या वेळी. लाटणं माझ्याकडे. म्हटलं, "त्या वेळी मला घरात एकटी असल्यासारखं वाटतं." नवरा म्हणाला, "तुला माझी आई आवडत नाही." म्हटलं चूक, पुन्हा. "तुला वाटतं मी आईचा फोन बंद करावा." चूक, पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणाला, "ते लाटणं आधी खाली ठेव, मला नीट ऐकू येत नाहीये." हसायला आलं, भांडण तिथेच बारगळलं. मुद्दा सुटला नाही. उद्या रिमोट घेऊन बसणार आहोत.


मनीप्लांट | गुरुवार, सकाळी ७:०२

रिमोट नको. तो हातात आला की कोणीच सोडत नाही.


सायंतारा | गुरुवार, सकाळी ८:१५

गोगलगाय, तिसऱ्या प्रयत्नात लोक बहुतेक तिथेच अडकतात, तुमचं उत्तम चाललंय. लाटण्याऐवजी खरं कार्ड हवं असेल तर कपाट रिकामं करताना शंभरेक कोरी कार्डं माझ्याकडे आली, कचऱ्यात जाणार होती. मागे नियम छापलेत. अमेरिकेत कोणाला हवी असतील तर व्यक्तिगत निरोप करा, पोस्टाने पाठवते. हेल्पलाइनचं माहितीपत्रकही आहे, तेही सोबत घालते.


काजवा | गुरुवार, सकाळी ८:३१

पत्रक पाकिटात घालू नकोस. पाकीट कोण उघडेल सांगता येत नाही.


सायंतारा | गुरुवार, सकाळी ८:३४

बरोबर. नुसती कार्डं पाठवते.